आबांची कॉमेंट्री आणि उस्मानपुऱ्याचे पाहुणे

माझ्या बहिणीचं लग्न एका खलनायकामुळं मोडता मोडता राहिलं. खलनायक सिनेमातला होता. बाकी सगळे आमच्याच घरातले.

दुष्काळाची वर्षं होती. आमचं औरंगाबाद चहूबाजूंनी वाढत होतं आणि नळाची धार मात्र बारीक होत चालली होती. मी वाळूजला एका कंपनीत सुपरवायझर होतो. मुकुंदवाडी स्टेशनच्या मागं एका नव्या इमारतीत आमचा फ्लॅट होता. घरात मी, माझी बायको मनीषा आणि धाकटी बहीण वर्षा. वर्षा एका खासगी शाळेत विज्ञान शिकवायची.

वर्षाला आणि मला लहानपणापासून एक खोड होती. सिनेमा बघताना आम्हाला तोंड बंद ठेवता यायचं नाही. गावात गणपतीत पडदा लावून सिनेमा दाखवायचे, तेव्हा लोक आम्हा दोघांना उठवून पार मागं बसवायचे. (मागं बसलेले लोक मग आम्हाला पुढं पाठवायचे.) मोठे झालो, मोबाइल आले, आणि वर्षाच्या डोक्यात कल्पना आली.

"दादा, आपण नुसती बडबड रेकॉर्ड करू. लोकांनी घरी सिनेमा लावायचा, त्याचा आवाज बारीक करायचा आणि शेजारी मोबाइलवर आपली बडबड लावायची."

"म्हणजे लोक मुद्दाम आपल्याला ऐकणार?"

"मुद्दाम."

आयुष्यात पहिल्यांदाच असं काही कानावर पडत होतं. मी त्याच संध्याकाळी शहागंजात जाऊन एक माइक घेऊन आलो.

आमची पद्धत साधी होती. लॅपटॉपवर गाजलेला जुना हिंदी सिनेमा लावायचा. इअरफोनची एक बोंडी तिच्या कानात, एक माझ्या. सेन्सॉरचं सर्टिफिकेट पडद्यावरून गेलं की मी 'आता' म्हणायचं. ऐकणाऱ्यानंही आपल्या घरी सर्टिफिकेट गेलं की आमचं रेकॉर्डिंग सुरू करायचं, म्हणजे आमचे विनोद बरोबर जागेवर पडतील. मग हिरोच्या पँटपासून हिरोइनच्या मावशीपर्यंत सगळ्यांवर आम्ही शेरे मारत सुटायचो. तयार झालेली फाइल मी ओळखीच्यांना पाठवायचो. ऐकणारे म्हणजे माझे कंपनीतले मित्र, वर्षाच्या शाळेतल्या बाई आणि मनीषाची मावशी. मावशीला वाटायचं आम्ही हे फोनवर फक्त तिच्याशीच बोलतोय. त्यामुळं ती मधेमधे उत्तरं द्यायची.

त्या उन्हाळ्यात आबा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडं राहायला आले.

आई जाऊन काही वर्षं झाली होती. आबा गावी एकटेच मोसंबीची बाग सांभाळत होते. त्या वर्षी विहिरीनं तळ दाखवला, बोअरमधून नुसता फुफाटा यायला लागला आणि बाग उभ्याउभ्या वाळली. झाडं तोडायला माणसं आली, त्या दिवशी मी गाडी घेऊन गेलो आणि आबांना घेऊन आलो. वाटेत ते एक अक्षर बोलले नाहीत. घरी आल्यावरही बोलणं तेवढंच. दिवसभरात त्यांच्या तोंडून तीनच गोष्टी निघायच्या. "व्हय," "नाय" आणि "टँकर आला का?"

आमच्या खिडकीसमोर एक मोठी इमारत उभी राहत होती. आबा खिडकीशी खाट टाकून तिच्याकडं बघत बसायचे. सिमेंट पक्कं व्हावं म्हणून बिल्डरची माणसं नव्या स्लॅबवर आळी करून पाणी सोडायची. आबा ते पाणी, आपण पिकाचं बघतो तसं बघायचे. एकदा मी कामावरून आलो तर चेहरा काळजीत.

"काय झालं आबा?"

"आज स्लॅबला पाणी दिलं नाय त्यांनी."

मी म्हणालो, "उद्या देतील." आबा म्हणाले, "व्हय," आणि पुन्हा खिडकीकडं वळले. त्या रात्री जेवताना मनीषाचे डोळे भरून आले होते. तिनं मिरचीवर ढकललं.

एका रविवारी दुपारी मी आणि वर्षा आतल्या खोलीत रेकॉर्डिंग करत होतो. कूलर त्याच खोलीत होता, म्हणून आबा येऊन आमच्या मागं सतरंजीवर बसले. त्यांच्या कानात काही नव्हतं. त्यांना नुसती हलती चित्रं दिसत होती. त्यामुळं कोण कोणाचा कोण, कशासाठी रडतंय, काही पत्ता नाही. थोड्या वेळानं मागून आवाज आला.

"ही आपल्या करमाडच्या सुमनसारखी दिसती."

मी मागं वळून ओठांवर बोट ठेवलं. पडद्यावर हिरोची आई शिवणयंत्र चालवत होती.

"तशीच हाये. आता रडंल बघ."

ती रडली.

"सुमन पण अशीच. माणूस दारात दिसलं की रडायला सुरुवात."

मी पुन्हा बोट ठेवलं. आबांना ते बोट म्हणजे 'पुढं सांगा' असं वाटलं असावं. नंतर सिनेमा संपेपर्यंत ते थांबलेच नाहीत. इन्स्पेक्टर आला तो त्यांना आमचे ग्रामसेवक वाटला. हिरोइन बागेत पळत आली तेव्हा ते म्हणाले, "ही पळती कशापायी? बस चुकली का काय हिची?" हिरो एकटाच डोंगरावर उभा राहून गाणं म्हणत होता, तर आबांनी हळहळून विचारलं, "याला घरी कुणी बोलत नाय का रं?"

रेकॉर्डिंग वाया गेलं म्हणून मी चिडलो होतो. संध्याकाळी मनीषा भाजी निवडत ते ऐकत बसली होती. मी लांबून बघत होतो. माझ्या विनोदांना ती भाजी निवडायची. वर्षाच्या विनोदांना जरा हसायची. आबा बोलले की मात्र मेथीची जुडी खाली ठेवून पदर तोंडाला लावायची.

"हे असंच पाठवा," ती म्हणाली.

"अगं पण त्यात मधेमधे आबा बोलतात."

"त्यांच्यामधे तुम्ही बोलता, तेवढं काढता आलं तर बघा."

तसंच पाठवलं. दुसऱ्या दिवशी कंपनीत ओळख नसलेली माणसं माझ्याकडं येऊन विचारायला लागली, "ते सुमनवाले आजोबा तुमचे का?" मावशीचा फोन आला, "सतीश, आता फक्त आबांकडंच फोन देत जा."

पुढच्या रविवारी आबांनी सकाळीच दाढी केली. धुतलेलं धोतर, इस्त्रीची टोपी, असे तयार होऊन ते माइकसमोर बसले.

वर्षा म्हणाली, "आबा, हे नुसतं ऐकायचं असतंय. कुणाला दिसत नाही."

"ऐकणाऱ्याला कळतं," आबा म्हणाले.

त्यांना मी इअरफोन देऊ केला, तो त्यांनी परत केला. म्हणाले, ऐकू आलं की घोटाळा होतो. मला एवढंच कळत होतं की माझे वडील पुन्हा बोलायला लागलेत. सोमवार ते शनिवार ते मनीषाला विचारायचे, "सूनबाई, रविवारी कोणता हाये?" टँकरचं विचारणं मागं पडलं. एकदा तर टँकर येऊन गेला आणि त्यांना कळलंच नाही, म्हणून मनीषा त्यांच्यावर रागावली. दोघंही त्या रागावण्यानं खूश दिसत होते.

याच दिवसांत वर्षाला उस्मानपुऱ्याचं एक स्थळ आलं.

मुलगा अमोल बँकेत होता, शांत आणि सरळ. वर्षाला तो आवडला. त्याची आई, माई, कमी बोलणाऱ्या. आणि वडील बापूसाहेब. बापूसाहेब सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले, भरदार मिशांचे, पोटानं सुखवस्तू. बघण्याच्या कार्यक्रमाला आले आणि त्यांनी बोलण्यासाठी तोंड उघडलं ते फक्त पोहे खाण्यापुरतं बंद केलं. तेही अधूनमधून. पोह्यांची बशी रिकामी झाली की ते ती नकळत पुढं करायचे आणि मनीषा नकळत भरायची. सगळा वेळ विषय एकच, त्यांचं बोअर.

"आबासाहेब, आख्ख्या उस्मानपुऱ्यात बोंब आहे पाण्याची. पण आमचं बोअर? बारा महिने टकाटक. मी तर म्हणतो, वर्षाला आमच्या घरी पाण्याची चिंता नाही."

आबा म्हणाले, "व्हय." बऱ्याच आठवड्यांनी त्यांचा तो एकशब्दी सूर मला पुन्हा ऐकू आला. पण मुलगा चांगला होता, वर्षा लाजत होती, त्या गडबडीत ते माझ्या लक्षात राहिलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी आम्ही जो सिनेमा घेतला, त्यात एका गावाच्या विहिरीवर पहारा बसवणारा जमीनदार होता. सिनेमाचं नाव सांगत नाही, कारण आता ते आमच्या घरात कुणी घेत नाही. पूर्वार्धात जमीनदाराची माणसंच मारामाऱ्या करतात. तो स्वतः मध्यंतरानंतर अवतरतो. भरदार मिशा, सुखवस्तू पोट, हातात चांदीचा पेला.

तो दिसला मात्र, आबा सरसावून बसले.

"आले. आले आपले उस्मानपुऱ्याचे. तशाच मिशा. तसंच पोट. आता पोहे मागत्याल."

वर्षानं तोंडात ओढणी कोंबली. मी हसू दाबायला भिंतीकडं बघत होतो. पडद्यावर जमीनदार लांबलचक धमकी देत होता.

"माणूस वाईट नसंल," आबा पुढं म्हणाले, "पण थांबत नाय. ते समोरचं पोरगं बघ, ऐकूनऐकून वाळलं."

शेवटी हिरोनं जमीनदाराला कड्यावरून ढकललं, तेव्हा आबांनी त्याला निरोपही दिला. "गेला बिचारा. एवढं पोहे खाल्लं, काय अंगी लागलं नाय."

खरं तर पूर्वार्धातही जिथं जिथं कुणी काही खात होतं, तिथं तिथं आबांना उस्मानपुरा आठवला होता. हे बाहेर जाऊन चालणार नाही एवढी अक्कल मला होती. मी लगेच कापाकापीला बसलो. एकेक उस्मानपुरा शोधून काढत होतो, तेवढ्यात खाली टँकरचा भोंगा वाजला. मी लॅपटॉप तसाच ठेवून हंडे घेऊन धावलो. टँकरच्या नळीवरून वरच्या मजल्यावाल्यांशी भांडण झालं, मी नखशिखांत भिजलो, आणि त्या धारेखाली इतका आनंद झाला की वर येऊन कपडे बदलले आणि फाइल पाठवून दिली.

पुढच्या रविवारी लग्नाची बोलणी करायला आम्ही चौघं उस्मानपुऱ्याला गेलो. बोलणी अशी फार नव्हतीच. बापूसाहेबांनी सगळ्याला होकार दिला, सगळ्यावर भाषण दिलं आणि जेवणं झाल्यावर टाळी वाजवली.

"आता एक गंमत. अमोल, सांग रे यांना."

अमोल वर्षाकडं बघून हसला. "बँकेत एका मित्रानं मला एक फाइल पाठवली. ऐकतोय तर काय, आवाज ओळखीचा. तुम्ही सांगितलं नाही कधी. मी अजून पुरती ऐकली नाही, म्हटलं सगळ्यांनी मिळून ऐकू."

"आम्ही सिनेमाची सीडी पण आणली," बापूसाहेब म्हणाले. "आबासाहेब, आज तुमचा सत्कार."

आबा ओशाळून टोपी सावरत बसले होते. मनात कुठंतरी खूश. वर्षानं माझ्याकडं बघितलं. मी डोळ्यांनीच तिला सांगितलं, काळजी नको, कापलंय.

सीडी लावण्याचा आणि मोबाइलचं बटण दाबण्याचा मान बापूसाहेबांनी स्वतःकडं घेतला. सीडीच्या सुरुवातीला तंबाखूच्या, साड्यांच्या, कसल्या कसल्या जाहिराती होत्या. त्या सुरू झाल्याबरोबर त्यांनी आमचं रेकॉर्डिंगही सुरू करून टाकलं. सर्टिफिकेट यायला बराच अवकाश होता. त्यामुळं आमची बडबड पुढं आणि सिनेमा मागं, अशी वरात निघाली. आबांना याही सिनेमात सुमन सापडली होती, ती रडते म्हणून ते सांगायचे तेव्हा पडद्यावर घोडा असायचा. "ग्रामसेवक आले," तर बकरी यायची. मी इतक्या कष्टानं जागेवर बसवलेले विनोद असे वाटेत सांडत होते आणि बापूसाहेब मांडीवर थापा मारून हसत होते. त्यांना वाटलं, हीच तर गंमत आहे.

मध्यंतराला बापूसाहेबांनी सिनेमा आणि मोबाइल दोन्ही थांबवलं आणि माईंनी चहा आणला. मनीषा माझ्या शेजारी येऊन बसली आणि कपात बघत हळूच म्हणाली,

"उस्मानपुऱ्याचं सगळं कापलंत ना तुम्ही?"

"कापलं."

"टँकर आला तेव्हा तुम्ही कुठपर्यंत आला होतात?"

"मध्यंतरा..." मी म्हणालो, आणि तिथंच थांबलो.

चहाची चव गेली. मनीषानं माझ्याकडं असं बघितलं की तिनं माझ्याशी लग्न केलं तो दिवस तिला आठवत असावा.

मी उठून म्हणालो, "चला, निघू या आता. टँकरची वेळ झाली."

"हात्तिच्या," बापूसाहेब म्हणाले, "टँकरसाठी कुठं पळता? आमच्या बोअरचे दोन ड्रम भरून गाडीत ठेवतो की."

का कोण जाणे, माईंना एकदम ठसका लागला.

मी पाणी प्यायला म्हणून दाराकडं गेलो आणि तिथलं मेन स्विच खाली ओढलं. पंखा एक गचका घेऊन परत फिरायला लागला. "इन्व्हर्टर आहे," बापूसाहेब अभिमानानं म्हणाले. "पण तुम्ही त्या बटणाला हात का लावला?" मी म्हणालो, "दिव्याचं वाटलं." दिवसाढवळ्या दिवा कशाला, हे विचारण्याइतके ते असभ्य नव्हते. माझ्याकडं मात्र सगळे जरा जपून बघायला लागले.

उत्तरार्ध सुरू झाला. हिरो घोड्यावर बसून, धूळ उडवत, गावाच्या वेशीतून येत होता. आणि मोबाइलमधून आबांचा आवाज आला.

"आले. आले आपले उस्मानपुऱ्याचे."

खोलीत क्षणभर कुणाला कळलं नाही. मग बापूसाहेबांनी हिरोकडं बघितलं, आबांकडं बघितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अहो आबासाहेब. काय तुम्ही. एवढं काही नाही हो."

"तशाच मिशा," मोबाइल म्हणाला. हिरोला मिशा नव्हत्या.

"तसंच पोट." हिरोला पोटही नव्हतं. बापूसाहेबांनी खाली बघितलं आणि श्वास आत ओढून धरला.

"आता पोहे मागत्याल."

हिरोनं घोड्यावरून उडी मारून म्हातारीच्या डोक्यावरचा हंडा घेतला. बापूसाहेब भारावले होते. मी वर्षभर ज्यासाठी धडपडलो, की शब्द आणि चित्र बरोबर जुळावं, ते आता कधीही जुळू नये म्हणून मी देवाचा धावा करत होतो. आणि देवानं ऐकलंही असतं. पण आमचा होणारा जावई फार व्यवस्थित निघाला.

"बाबा, थांबा. हा आवाज पुढं पळतोय," अमोल म्हणाला. "तरीच सगळं विचित्र वाटत होतं." आणि कुणी काही बोलायच्या आत त्यानं मोबाइल हातात घेतला, आवाज मागं नेला, दोनतीनदा पुढंमागं करून पाहिलं आणि इतका अचूक बसवला की मला स्वतःला तसा कधी जमला नाही.

पडद्यावर चांदीचा पेला आला. मागून पोट आलं. मग मिशा.

"आले. आले आपले उस्मानपुऱ्याचे."

या वेळी सगळ्यांना कळलं. मिशा, पोट, पोहे, सगळं एकेक करून जागेवर पडत गेलं. "माणूस वाईट नसंल, पण थांबत नाय," इथपर्यंत आलं तेव्हा अमोलला बटण सापडलं. सिनेमा थांबला. जमीनदार तोंड उघडं ठेवून पडद्यावर गोठला. बापूसाहेबही साधारण तसेच.

वर्षाचा चेहरा पांढराफटक पडला होता. माझ्या मनात आलं, स्थळ गेलं. त्याहून वाईट म्हणजे आता आबा पुन्हा गप्प होतील, आणि या वेळी त्यांना बोलतं करायला माझ्याकडं काही नाही. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर आबांनी हात वर करून मला थांबवलं. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बापूसाहेब, ते मी बोललो. पोरांचा काय संबंध नाय त्यात."

बापूसाहेब काही बोलले नाहीत. हेही पहिल्यांदाच घडत होतं.

"तुम्ही आमच्या घरी आला, तवा बोअरचं सांगत होता," आबा म्हणाले. "लई पाणी हाये म्हणत होता. माझी बाग नुकतीच तोडली होती. झाडं मी माझ्या हातानं लावली होती, वर्षाच्या जन्माच्या साली. तुम्ही पाण्याचं बोलला की मला ती दिसायची. तुमचं काय चुकलं नाय. मला सहन झालं नाय एवढंच. पोहे आपले निमित्ताला."

बापूसाहेबांनी ओढून धरलेला श्वास सोडला. पोट परत जागेवर आलं. त्यांनी त्या गोठलेल्या जमीनदाराकडं बघितलं.

"पाणी नाय हो," ते म्हणाले.

"काय?"

"बोअरला. पाणी नाय. उन्हाळा लागला तवाच गेलं." एवढ्या वेळात त्यांची भाषा शहरातून निघून थेट गावाला पोचली होती. "टँकरच घेतो आम्ही बी. मुलीकडच्यांना काय सांगायचं म्हणून म्हणालो एकदा, पाणी आहे. एकदा म्हणालो, मग थांबता येईना."

"मी म्हणत होते, सांगून टाका," माई म्हणाल्या. "आता दोन ड्रम कुठून देणार होता, देव जाणे."

अमोल खाली मान घालून हसत होता. वर्षा रडत होती की हसत होती, सांगता यायचं नाही.

"आणि पोह्यांचं म्हणाल," बापूसाहेब मनीषाकडं वळून अपराध्यासारखं म्हणाले, "तर आमच्याकडं डॉक्टरांनी तेल बंद केलंय. माई उकडलेलं देते. तुमच्याकडं फोडणीचे दिसले, वरून शेंगदाणे. माझा तोल गेला."

आबा हसले. आवाज न करता, खांदे हलवत. गावी बागेत पाट सोडून बांधावर बसले की ते तसे हसायचे. बागेबरोबर ते हसणंही गेलं असं मी समजून चाललो होतो.

"अमोल, लाव रे पुढं," बापूसाहेब म्हणाले. "मी मरतो कसा, ते तरी बघू."

सिनेमा पुढं सुरू झाला. जमीनदार कड्यावरून गेला, मोबाइलमधले आबा म्हणाले, "गेला बिचारा. एवढं पोहे खाल्लं, काय अंगी लागलं नाय," आणि बापूसाहेब इतके हसले की माईंना त्यांची पाठ चोळावी लागली. हसता हसता ते आबांना म्हणाले, "लग्नाआधी कशाला मारलं मला, तिथलं जेवण तरी होऊ द्यायचं."

लग्न झालं, साधंच. पाण्यामुळं पंगती लहान ठेवल्या आणि पत्रावळ्या वापरल्या. पुढं पाऊस बरा झाला. आबांनी गावी पुन्हा थोडी मोसंबी लावली. आता पावसाळ्यात ते तिथं असतात आणि उन्हाळ्यात इथं. इथं म्हणजे माझ्याकडं कमी आणि उस्मानपुऱ्यात जास्त. दर रविवारी ते आणि बापूसाहेब एकमेकांसमोर बसून कॉमेंट्री करतात. बापूसाहेब थांबत नाहीत आणि आबा अधूनमधून एखादं वाक्य टाकतात. वर्षा आणि अमोल ते रेकॉर्ड करतात. ऐकणारे आता इतके झालेत की कोण कुठले, आम्हाला माहीत नाही.

मधे दोघं व्याही मिळून गावी बाग बघायला गेले आणि रविवार मोकळा गेला. मी म्हटलं, लोकांची गैरसोय नको. एकट्यानं बसून आख्खा सिनेमा केला. भरपूर तयारी केली होती, शब्द आणि चित्र शेवटपर्यंत तंतोतंत जुळलं होतं. सगळ्यांना पाठवला आणि वाट बघत बसलो. थोड्या वेळात मोबाइल वाजायला लागला. एकामागून एक मेसेज. मी मनीषाला हाक मारली, "बघ, लोकांना आवडलं."

तिनं चष्मा लावून वाचलं. सगळीकडं एकच प्रश्न होता. आजोबा बरे आहेत ना?

तेवढ्यात गावाहून आबांचा फोन आला. मी उत्सुकतेनं विचारलं, "आबा, ऐकलं का माझं?"

"ऐकलं की," आबा म्हणाले. "लई बरं झालं बघ. नव्या जागी बापूसाहेबांना दुपारची झोप येत नव्हती."